तळेगावचा पट

नांदगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती असतील, सांगता येईल? नाशिककडे रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचं नांदगाव आहे, अमरावती शहराजवळ नांदगाव पेठ आहे, आणि अमरावतीहून नेर, यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागतं ते नांदगाव खंडेश्वर. वऱ्हाडात या जोडनावांची मोठी गंमत आहे. चांदूर दोन, म्हणून एक झालं चांदूर रेल्वे आणि दुसरं चांदूर बाजार. मंगरूळ तर तीन आहेत: मंगरूळ दस्तगीर, मंगरूळ चव्हाळा आणि मंगरूळपीर. बसची पाटी अर्धीच वाचून चढलात तर उतराल भलत्याच गावी!

नांदगावच्या नावातला खंडेश्वर म्हणजे इथला महादेव. त्याचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, यादवांच्या काळातल्या हेमाडपंती धाटणीचं. उन्हाळ्यातसुद्धा आत गेलं की पायांना थंडगार लागतं. भोवतीचा मुलूख काळ्या मातीचा. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. जानेवारीत इथं आलात तर वावरात तुरीच्या शेंगा वाळलेल्या दिसतील, पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस असेल आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर वाऱ्यानं उडालेला कापूस चिकटलेला असेल. आता या तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. त्यावर मोटारी ताशी १२० किलोमीटरपर्यंत पळतात. दुचाकीला तिथं बंदी आहे, बैलगाडीचं तर नावच नको.

पण आम्ही नांदगावला गेलो होतो ते बैलांसाठीच.

तुमच्यापैकी काहींनी शहरातले हौशी मोटारसायकल-शर्यतवाले पाहिले असतील. पाच-सहा दिवस नोकरी किंवा दुकान, आणि शनिवार-रविवार आला की गाडी टेम्पोत घालून निघाले धावपट्टीकडे! डब्यात पोळी-भाजी, पेटीत पाने-पकड, सोबत एखादा मित्र नाहीतर भाऊ. कंपनीचा पैसा नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही, तरी वर्षभर खपतात. आमच्या वऱ्हाडातही अशी हौशी माणसं आहेत. फक्त त्यांची गाडी गवत खाते. त्यांच्या शर्यतीला म्हणतात शंकरपट. बोलताना नुसतंच ‘पट’.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. बैल हे शंकराचं वाहन, म्हणून हे नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती तुम्ही ऐकून असाल. तिथं खिलार जातीचे बैल आणि एका वेळी चार-पाच गाड्या. पटाची तऱ्हा वेगळी. मैदानावर शेजारी शेजारी दोन सरळ धावपट्ट्या आखतात. त्यांना ‘दाण’ म्हणतात. एका दाणीवर एक जोडी, दुसरीवर दुसरी. मागं हलका छकडा, इतका हलका की दोन माणसं सहज उचलतील. त्यावर एकच माणूस, तो धुरकरी. गाडीच्या धुरेवर बसतो म्हणून धुरकरी. झेंडी पडली की जोड्या सुटतात आणि दहा सेकंदांच्या आत सगळा खेळ खलास! डोळा चोळायला गेलात तर एक धाव बुडालीच समजा.

पण खरी चुरस शेजारच्या जोडीशी नसते बरं का. ती असते घड्याळाशी. प्रत्येक जोडीला किती सेकंद लागले ते लिहून ठेवतात आणि शेवटी ज्याची वेळ सगळ्यांत कमी तो पहिला. म्हणजे सकाळी दहाला पळालेल्या जोडीचा खरा प्रतिस्पर्धी कदाचित दुपारी चारला पळणार असतो. इंग्लंडजवळ आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथं १९०७ सालापासून मोटारसायकलींची जगप्रसिद्ध शर्यत होते. तिथंही स्वार थोड्या थोड्या अंतरानं एकेक करून सुटतात आणि निकाल घड्याळ लावतं. त्या बेटावरच्या एखाद्या स्वाराला तळेगावच्या दाणीवर आणून उभं केलं तर नियम त्याला लगेच समजतील. बैल समजायला मात्र वेळ लागेल.

तळेगाव म्हणजे तळेगाव दशासर. हे धामणगाव रेल्वे तालुक्यात, नांदगावच्या पूर्वेला. ‘दशसहस्र’ म्हणजे दहा हजार, त्यावरून दशासर झालं असं म्हणतात. पटाच्या शौकिनांना मात्र एवढं सांगायची गरज नसते. नुसतं ‘तळेगाव’ म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. संक्रांतीच्या आसपास इथं मोठा पट भरतो, काही दिवस चालतो आणि लांबलांबून जोड्या येतात.

आमची गाठ पडली ती नांदगावजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याशी. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणतं, म्हणून आम्हीही काकाजीच म्हणू. कोरडवाहू शेती, घरी चार माणसं, आणि आठवीतला पुतण्या सावलीसारखा मागं. त्यांच्या गोठ्यात हिऱ्या आणि बादल अशी जोडी. दोघंही पांढरे, अंगानं फार मोठे नाहीत, पण पाय लांब आणि डोळे कसे सावध! रक्त गवळाऊ जातीचं.

या गवळाऊ बैलांबद्दल थोडं सांगायलाच हवं. वर्धा जिल्हा आणि आसपासचा भाग हे त्यांचं माहेर. गवळी लोकांनी जपलेली ही जात, म्हणून नाव गवळाऊ. ओझं ओढण्यात इतर जाती सरस असतील, पण चालीनं हे बैल झपाझप. मराठ्यांच्या फौजांनी डोंगराळ वाटांवरून सामान चटकन हलवायला असे बैल वापरले, असं जातींच्या वर्णनात लिहिलेलं असतं. वर्धा जिल्ह्यात हेटी कुंडी इथं सरकारी पैदास केंद्रावर ही जात जतन केली जाते. जतन करावी लागते, कारण ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे होत चालले आहेत. नांगरट ट्रॅक्टर करतो, पेरणी ट्रॅक्टर करतो. मग वर्षभर बैलाला ढेप-कुटार कोण घालील? गावात पूर्वी घरटी जोडी होती, आता बोटावर मोजण्याइतक्याच राहिल्यात, असं काकाजी म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा गोठ्यात अगदी परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं वातावरण होतं. काकाजींच्या आई बैलांच्या खांद्यांना तेल चोळत होत्या. पुतण्या यादी वाचत होता: दोर, कासरे, पाण्याची बादली, ढेपेचं पोतं, झुली, हळद, फडकी, विजेरी. छकडा अंगणात काढून ठेवला होता. त्याचं लाकूड फार जुनं दिसलं म्हणून विचारलं, तेव्हा काकाजींनी गोठ्याच्या आढ्याकडं बोट दाखवलं.

“सात वर्षं तिथं टांगला होता. कबुतराइनं अंडी घातली त्याच्यात.”

सात वर्षांची ही गोष्ट तुम्हालाही माहीत असायला हवी. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारनं ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. त्या यादीत आधीपासून वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं होती. मग प्रकरण कोर्टात गेलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतला जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळानं शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानं परवानगी थांबवली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे योग्य ठरवले.

बंदी आली ती उगीच नव्हे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. वऱ्हाडात ‘तुतारी’ म्हणजे वाजवायची तुतारी नव्हे. बैल हाकायच्या काठीला खिळ्यासारखी अणकुचीदार आर लावलेली असते, तिला तुतारी म्हणतात. शर्यतीत ही आर टोचणं, शेपटी पिरगाळणं, चावणं, कुठं कुठं विजेचा झटका देणंसुद्धा चालायचं. बैल पळायचा तो आनंदानं की वेदनेनं, असा प्रश्न प्राणिमित्रांनी विचारला तर त्यात चूक काय? आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची पशुवैद्यकाकडून तपासणी करावी लागते आणि काठी, चाबूक, आर काहीच चालत नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमचं मत विचाराल तर अटी आहेत तोवरच हा खेळ पाहण्यासारखा आहे. त्या कागदावरच राहिल्या तर आढ्याला टांगलेला छकडा बरा.

“मंग बैल पळतो कसा?” आम्ही विचारलं.

“आवाजानं,” काकाजी म्हणाले. “अन् सवयीनं. त्याले दाण समजते. छकड्याले जुपलं का त्याचे कान बदलतात. बंडीले जुपलं तं तोच बैल म्हसोबावानी चालते.”

पुतण्यानं लगेच भर घातली. दर काही दिवसांनी पहाटे एक धाव, रोज नाही. रोज पळवलं तर बैल कंटाळतो. उरलेल्या दिवशी वावरातलं हलकं काम, पाण्यात उभं करणं, अंग चोळणं. खायला सरकीची ढेप, भिजवलेले हरभरे, कडबा. आणि पळायच्या दिवशी सकाळी पोटभर चारा नाही! याचं कारण ऐका. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला, म्हणजे रोमंथिका, मोठ्या जनावरात शंभर लिटरहून अधिक मावेल इतका मोठा. तो चाऱ्या-पाण्यानं भरलेला असताना पळायचं म्हणजे पाठीवर नव्हे, पोटात पिंप घेऊन पळायचं.

रात्री भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा झाला. पुतण्या झोपेना.

“काहून बे पोट्ट्या, निजला नाही काय अजून?”

“काकाजी, औंदा सातच्या आत येईन ना आपली जोडी?”

“तू निज आधी. मंग पाहू.”

शनिवारी पहाटे अंधारातच जोडी पिकअपमध्ये चढवली. फळीवर कुटार अंथरलं होतं, पाय घसरू नयेत म्हणून. पूर्वी लोक बैलांना चालवत पटाला न्यायचे, आदल्या दिवशीच निघायचे आणि वाटेत ओळखीच्या गावी मुक्काम करायचे. आता तासाभराचं काम. खंडेश्वराला रस्त्यावरूनच हात जोडले. गाडीच्या मागच्या भागात पुतण्या हिऱ्याच्या मानेला टेकून उभा, कानाला मफलर, तोंडातून वाफ.

तळेगावात उजाडता उजाडता पोचलो आणि पाहतो तो काय, गावाबाहेर दुसरं गावच वसलेलं! झाडाखाली, टेम्पोच्या आडोशाला, ताडपत्रीखाली, जिकडं तिकडं बैल. कुणाच्या शिंगांना बेगड, कुणाच्या पाठीवर आरसे लावलेली झूल. गोवऱ्यांच्या धुरात कुणी रोडगे भाजतंय, कुणी चहा उकळतंय. पलीकडं दुकानांची रांग: आलूबोंडे, मिरचीची भजी, जिलबी, घुंगरांच्या माळा, कासरे, फुगे. तिकडं भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत पट असला की रात्री नाटकही ठरलेलं. दिवसा बैल, रात्री नट. इकडं नाटक नव्हतं, पण निवेदकच एखाद्या नटापेक्षा कमी नव्हता. प्रत्येक जोडीचं असं वर्णन करायचा की बैलालाही आपण कोण ते नव्यानं कळावं.

पशुवैद्यकांच्या टेबलापुढं रांग लागली. डोळे, खांदे, खूर, चाल. पुतण्या आम्हाला समजावून सांगत होता, बैलाच्या एका पायाला खुराचे दोन भाग असतात म्हणून नालाच्या पत्र्याही दोन लागतात, चार पायांच्या मिळून आठ. घोड्याचं सोपं, चारांत भागतं. डॉक्टरांनी हिऱ्या-बादलला चालवून पाहिलं आणि कागदावर सही केली.

मग घड्याळवाल्यांजवळ जाऊन उभे राहिलो. आम्हाला सगळ्यांत जास्त रस त्यात होता. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं. आता एक गणित करा. समजा, एक जोडी १०० मीटर ९ सेकंदांत पळाली. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, ताशी ४० किलोमीटर. (उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पळून विक्रम केला. म्हणजे आपली ही समजलेली जोडी त्याच्याही पुढं!) या वेगानं सेकंदाच्या शंभराव्या भागात बैल पळतो फक्त ११ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. तेवढ्यावर पहिला आणि दुसरा नंबर ठरू शकतो. पण बटण दाबतो माणसाचा अंगठा. डोळ्यांनी पाहून अंगठा हलायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि तेवढ्यात बैल दोन मीटर पुढं गेलेला असतो! मग वेळ खरी कशी? तर सुटतानाही अंगठा तेवढाच उशीर करतो आणि पोचतानाही. दोन्ही उशीर सारखे असले की एकमेकांना खोडून टाकतात. म्हणूनच घड्याळवाला शांत डोक्याचा लागतो. ओळखीची जोडी आली म्हणून ज्याचा अंगठा उतावीळ होतो, त्याला तिथं बसवत नाहीत.

दुपारी काकाजींचा नंबर आला. जोडी दाणीवर आणताना चार माणसं लागली. सकाळपासून गरीब गाईसारखा उभा असलेला बादल आता पुढचे पाय नाचवत होता, हिऱ्याचे कान ताठ. काकाजी छकड्यावर बसले, म्हणजे बसले तरी कसलं, टेकले. हातात कासरा, बाकी काही नाही. बाजूला दोन्हीकडं माणसांच्या भिंती. झेंडी पडली. एक हाक ऐकू आली, माती उडाली, आमच्या छातीत खुरांचा आवाज घुमला, आणि काकाजी पलीकडच्या टोकाला! मागं धूळ तेवढी उरली. पुतण्या त्याआधीच दाणीच्या कडेनं पळत सुटला होता.

वेळ बोलली गेली तेव्हा पुतण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सातच्या आत नव्हतीच, पण त्यांच्या गटात त्या दिवशीच्या पहिल्या पाचांत होती. रविवारी आणखी एक धाव मिळणार होती. बक्षिसांत रोख रकमा असतात, कुठल्या पटात मोटारसायकलही ठेवतात. मोटारसायकल जिंकून आणणारे बैल, ही कल्पनाच आम्हाला फार आवडली. काकाजींच्या घरी मोटारसायकल नाही. पुतण्याला शाळेला चार किलोमीटर जावं लागतं, त्यामुळं त्यानं तिचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

रात्री थंडी मी म्हणत होती. बैलांवर झुली, माणसांवर गोधड्या. आम्ही शेकोटीपाशी गप्पा मारत होतो. काकाजी मात्र गप्पांत नव्हते. ते बैलांजवळ उकिडवे बसून काहीतरी ऐकत होते. बराच वेळ गेला.

“काय झालं?”

“हिऱ्या रवंथ करून नाही रायला.”

निरोगी बैल दिवसातले सात-आठ तास रवंथ करतो. निवांत बसला, की जबडा सुरू. दुखत असेल, ताप असेल, भीती वाटत असेल, तर हे थांबतं. बादलचा जबडा संथपणे हलत होता, पिठाच्या जात्यासारखा. हिऱ्या नुसताच बसून होता. काकाजींनी विजेरी लावून त्याचे चारही पाय चाचपले. उजव्या पुढच्या पायाला हात लागला तेव्हा त्यानं पाय थोडा आखडला. अगदी थोडा.

रविवारी सकाळी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय दाबून पाहिला, चालवून पाहिला. सूज नव्हती, लंगडणंही नव्हतं.

“आत्ता तरी मला ठळक काही दिसत नाही,” ते म्हणाले. “पण तुम्हाला संशय असेल तर पळवू नका. बैल तुमचा, तुम्ही त्याला रोज पाहता.”

म्हणजे निर्णय काकाजींच्या गळ्यात पडला. भोवती माणसं जमली. एकजण म्हणाला, “दहा सेकंदाचं तं काम हाय गा, पळवून टाक.” दुसऱ्यानं आपला एक बैल हिऱ्याच्या जागी देऊ केला. काकाजींनी मान हलवली. बादल त्या बैलाशी कधी जुपलेलाच नव्हता. एका जोडीत एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड पडलं तर छकडा फिरतो, उलटतो.

पुतण्या रडवेला झाला. “काकाजी, डॉक्टरसाहेबानं नाही थोडंच म्हटलं. एकच धाव तं हाय.”

“त्याले बोलता येत नाही बाप्पा. बोलता आलं असतं तं रातीच सांगतलं असतं त्यानं.”

“पन आपला नंबर...”

“पट पुढच्या सालीही हाय. पाय गेला तं बैल नाही.”

आणि ते नंबराची चिठ्ठी परत द्यायला निघून गेले. पुतण्या ताडपत्रीखाली तोंड फिरवून बसला. आम्ही जिलबी आणली तीही त्यानं घेतली नाही. आठवीतल्या मुलाला अशा वेळी काय सांगणार? आम्ही काही सांगितलं नाही.

त्याला उठवलं ते कर्ण्यानं. महिला धुरकऱ्यांच्या जोड्या सुटणार होत्या. तळेगावचा पट यासाठीही नावाजलेला आहे. ज्या खेळात बायका कडेला उभं राहून पाहायच्या, त्यात इथं त्या कासरा हातात घेऊन दाणीवर उतरतात. पदर खोचलेल्या बाया आणि कॉलेजातल्या वाटाव्यात अशा मुली पाहून गर्दी दुप्पट झाली. एका मुलीनं जोडी सोडली ती अशी की पलीकडं पोचल्यावरही बैल थांबेनात. मैदानाच्या टोकाला तिनं कासरा आवरून त्यांना वळवलं, खाली उतरली आणि आधी दोघांच्या माना थोपटल्या. टाळ्या नंतर घेतल्या. पुतण्यानं वहीत तिची वेळ लिहिली. ती आमच्या काकाजींच्या शनिवारच्या वेळेपेक्षा कमी होती, हे त्यानं तीनदा तपासून पाहिलं.

शेवटच्या धावा झाल्या तेव्हा ऊन कलत होतं. काकाजींच्या गटात पहिला आलेला धुरकरी वर्धा जिल्ह्याकडचा निघाला. काकाजी जाऊन त्याच्या बैलांना हात लावून आले, कुठून घेतले, काय खाऊ घालतो, सगळं विचारून आले. परतताना त्यांच्या खिशात त्या माणसाचा फोन नंबर होता आणि हातात ढेपेचा नमुना. अंधार पडायच्या आत जोडी पिकअपमध्ये चढवली. हिऱ्याच्या बाजूला कुटार जरा जास्त घातलं.

मंगळवारी आम्ही फोन केला तेव्हा उत्तर पुतण्यानं दिलं. हिऱ्याच्या उजव्या पायाच्या खुरांच्या बेचक्यात बाभळीचा काटा सापडला होता, अर्ध्या बोटाएवढा, आत मोडलेला. डॉक्टरांनी येऊन काढला, औषध भरलं. आठ दिवस काम नाही. रात्री हिऱ्यानं रवंथ केला, हेही त्यानं सांगितलं.

“मग तूर कशानं आणणार?”

“भाड्याचा ट्रॅक्टर सांगतला काकाजीनं. मी म्हटलं त्याइले, पाहा, ट्रॅक्टरले काटा रुतत नाही.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणे, पंक्चर तं होते ना?”